खालच्या दोन ओळी

वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. पानावर जागा कमी पडली की उपसंपादक शेवटचा परिच्छेद उडवतो. तरी भागलं नाही तर त्याच्या वरचा. म्हणून बातमी लिहिणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच शिकवलं जातं की महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली. खालचं गेलं तरी बातमीला धक्का लागता कामा नये. पुण्यातल्या एका दैनिकात मी अकरा वर्षं असं लिहिलं आणि दुसऱ्यांचं असंच कापलं. पुढे वर्तमानपत्र सुटलं, देश सुटला, ही सवय सुटली नाही. त्या सवयीने एका माणसाचं नुकसान केलं. ते कळल्यावर ज्यांनी बोलायला हवं होतं ते गप्प बसले. त्यांच्यात मीही येते. हा लेख त्याबद्दल आहे.

दोन हजार पाचच्या सुमारास मी नेदरलँड्समध्ये लायडनच्या एका लहान कंपनीत काम करत होते. नवऱ्याची आयटीतली नोकरी विमानतळाजवळ, भाड्याचं घर नीउ-व्हेनेपला, आणि मी रोज आधी सायकल, मग ट्रेन अशी लायडनला. कंपनीत आम्ही नऊ जण होतो. काम मोबाइल फोनसाठी आणि वेबसाइटसाठी कोड्यांचे खेळ तयार करण्याचं. माझ्या पदाचं नाव लेव्हल डिझायनर. पुण्यात हे कुणालाही नीट समजावता आलं नाही. सासूबाई शेजारी सांगत, "कॉम्प्युटरवर लहान मुलांचं काहीतरी करते." मी त्याचा खुलासा कधी केला नाही.

हे काम मिळालं रविवारच्या पुरवणीमुळे. सहा वर्षं दर आठवड्याला मी चौकटींचं एक कोडं हाताने रचत असे. मुलाखतीला त्याची कात्रणं नेली होती. कंपनीचा मालक वाउटर, चाळिशीतला डच माणूस. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण चौकटी त्याने लक्ष देऊन पाहिल्या.

"यात कधी चूक छापली गेली?" त्याने विचारलं.

"दोनदा."

"मग काय केलंत?"

"पुढच्या रविवारी त्याच जागी खुलासा छापला."

"मला अशीच माणसं हवीत," वाउटर म्हणाला. हे वाक्य मी त्याला पुढे एकदा ऐकवलं, तेव्हा ते त्याला आठवलं नाही.

ज्या खेळाबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव देत नाही. खेळ मात्र सांगायला हवा. पडद्यावर पाणी, आठ उभे रकाने आणि दहा आडव्या ओळी. त्यात मालवाहू होड्या एकमेकींत अडकलेल्या. होडी पुढे जाते आणि मागे येते, बाजूला सरकत नाही. वळायची असेल तर तिला दोन बाय दोन चौकटी मोकळ्या लागतात. बाकीच्या होड्या हलवत हलवत लाल होडी वरच्या दरवाजातून बाहेर काढायची. काढली की लेव्हल सुटली. अशा साठ लेव्हल्स होत्या आणि साठही मी रचल्या होत्या.

बाहेरच्यांचा समज असा की अवघड लेव्हल करणं कठीण असतं. ते कुणीही करेल. पाण्यात होड्या कोंबल्या की झालं. कठीण असतं ते खेळणाऱ्याशी सरळ वागणं. जे लागणार आहे ते सगळं पहिल्या चालीच्या आधी त्याच्या डोळ्यांसमोर असलं पाहिजे. हरला तर का हरला हे त्याचं त्याला कळलं पाहिजे. विसाव्या लेव्हलला जी युक्ती लागणार, ती अठराव्या लेव्हलला साध्या रूपात हातून होऊन गेलेली असली पाहिजे, म्हणजे सुटल्यावर माणसाला आपण हुशार आहोत असं वाटतं, रचणारा हुशार आहे असं नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी एक भरवसा असतो: उत्तर आहे. एवढ्या एका भरवशावर अनोळखी माणूस आपल्या आयुष्यातला तास-दोन तास आपल्या हाती देतो. कंटाळवाणी लेव्हल हा दोष आहे. उत्तर नसलेली लेव्हल ही फसवणूक आहे. तिला मी आजही दुसरा शब्द वापरत नाही.

म्हणून प्रत्येक लेव्हल बाहेर जाण्याआधी दोन माणसं हाताने सोडवून पाहत. एक मी आणि दुसरा मंदार. मंदार मूळचा कोथरूडचा प्रोग्रॅमर, तिशीच्या आतला, कुशल कामगारांच्या परमिटवर आलेला. लेव्हल सुटते की नाही हे तपासणारा एक प्रोग्रॅमही त्याने लिहिला होता. मला ताई म्हणायचा आणि माझ्या लेव्हल्सना नावं ठेवायचा. "ताई, ही लेव्हल नाहीये, हा सूड आहे," असं त्याने म्हटलं की मी समजायचे, लेव्हल जमली.

सत्तेचाळीस नंबरला तो काही बोललाच नाही. चाळीस मिनिटं होड्या हलवत होता. मग खुर्ची मागे घेऊन म्हणाला, "ही जपून ठेवा. अशी परत होणार नाही." त्या लेव्हलमध्ये लाल होडी दरवाजाच्या अगदी जवळ उभी असते, म्हणून सगळे तिला वर रेटायला बघतात. पहिली चाल उलटी आहे. होडी दरवाजापासून दूर, पार तळाला न्यायची, तिथल्या मोकळ्या पाण्यात वळवायची आणि दुसऱ्या वाटेने वर आणायची. मला अजूनही ती माझी सर्वांत चांगली लेव्हल वाटते.

पत्रं येत. ती वेगळ्या टेबलावर जात, पण वेधक असलेली मला दाखवली जात. आमच्याच नीउ-व्हेनेपमधली एक बाई दर सोमवारी कळवायची की बाविसाव्या लेव्हलमधली निळी होडी काढून टाका. कारण विचारलं तर उत्तर आलं की तिच्या आधीच्या नवऱ्याची होडी निळी होती. मास्ट्रिख्टच्या एका प्राध्यापकाने चार पानं लिहून सिद्ध केलं की एकतिसावी लेव्हल आम्ही म्हणतो त्यापेक्षा दोन चाली कमी करून सुटते. त्याचं बरोबर होतं. वाउटरने स्वतः त्याला फोन केला, वेबसाइटवरचा आकडा त्याच दिवशी बदलला आणि खाली प्राध्यापकाचे आभार मानले. ही घटना लक्षात ठेवावी.

बाकीच्यांसाठी एक ठरलेलं उत्तर होतं. तेही माझंच, मजकूर लिहिणारी कंपनीत मी एकटी होते. "आमची प्रत्येक लेव्हल दोन व्यक्तींनी हाताने सोडवून तपासलेली आहे. कृपया पुन्हा एकदा शांतपणे प्रयत्न करावा." लिहिलं तेव्हा ते खरं होतं.

आता त्या काळच्या फोनविषयी. एकाचा पडदा दुसऱ्यासारखा नसे. एकच खेळ डझनावारी मॉडेल्ससाठी कापून-बेतून द्यावा लागे आणि ते काम बाहेरची एक टोळी करायची. लहान पडद्याच्या फोनवर दहा ओळी मावत नव्हत्या, आठच मावत. वाउटरने मला विचारलं, काय करायचं. मला विचार करावाच लागला नाही. प्रत्येक लेव्हलमध्ये खालच्या दोन ओळी मी मोकळ्या ठेवत आले होते. तिथे नुसतं पाणी, नाही तर काठावरचं गवत. असं कुणी सांगितलं नव्हतं. बातमीच्या सवयीने होत होतं. मी लिहून दिलं: "पडदा लहान असल्यास खालच्या दोन ओळी काढाव्यात. तिथे खेळाला लागणारं काही नाही."

तेव्हा तीस लेव्हल्स झाल्या होत्या. तिसांनाही ते लागू होतं. सत्तेचाळिसावी मी दोन महिन्यांनी रचली. तिच्याही खालच्या दोन ओळींत नुसतं पाणी होतं. वर्तमानपत्रात मोकळी जागा म्हणजे काही नाही. कोड्यात मोकळी जागा हेच सगळं असतं. हे मला माहीत होतं, त्यावरच माझा पगार चालला होता, आणि तरी तो कागद आठवला नाही. लाल होडी वळते ते पाणी माझ्याच सूचनेबरहुकूम कापलं गेलं. लहान फोनवर ती लेव्हल सुटणं अशक्य झालं. कापलेल्या लेव्हल्स हाताने पुन्हा सोडवून पाहण्याची पद्धत नव्हती. ती असावी असा आग्रह मी धरला नव्हता.

फेब्रुवारीत स्वागतकक्षातल्या मुलीने एक पाकीट आणून दिलं. "ही तुमची भाषा का? कुणालाच वाचता येईना म्हणून ट्रेमध्ये राहिलं." पाकिटावर कंपनीचा पत्ता इंग्रजीत होता आणि पोस्टाचा शिक्का पाच आठवड्यांपूर्वीचा. आत चौकटीच्या कागदावर मराठी अक्षर, आरेखनाच्या वळणाचं, सरळ आणि बारीक.

"श्री. किंवा श्रीमती बापट यांस," असं सुरू होत होतं. "खेळात माहितीच्या बटणाखाली आपलं नाव वाचलं. मराठी माणसाचं काम आहे म्हणून मराठीत लिहितो. मी सांगलीचा. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो. सध्या आइंडहोव्हनला मुलाकडे आहे. आपल्या सत्तेचाळीस नंबरात लाल होडीला वळण्यापुरती जागा कुठेही होत नाही असं मला दिसतं. आकृती जोडली आहे. कंपनीला दोनदा इंग्रजीतून कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की लेव्हल तपासलेली आहे, शांतपणे प्रयत्न करा. म्हणजे चूक माझी असणार. इथे आल्यावर मला लहानसा झटका येऊन गेला. त्यामुळे असं होत असेल. माझ्या आकृतीत चूक कुठे आहे तेवढं कृपया दाखवावं. लेव्हलचं उत्तर सांगू नये. यशवंत मगदूम."

आकृतीत आठ ओळी होत्या. मी ओळी तीनदा मोजल्या. त्यांनी प्रत्येक होडीला अक्षर दिलं होतं, ती कुठवर सरकू शकते हे बाणांनी दाखवलं होतं आणि खाली पाच वाक्यांत सिद्ध केलं होतं की दोन बाय दोन चौकटी एका वेळी मोकळ्या होणं शक्य नाही. मास्ट्रिख्टच्या प्राध्यापकाला चार पानं लागली होती. हे पाऊण पानात होतं आणि अचूक होतं. फक्त शेवटी, सगळं सिद्ध केल्यावर, त्यांनी स्वतःवर अविश्वास दाखवला होता, कारण माझं पत्र त्यांना तसं सांगत होतं. दोनदा.

मी तो कागद मंदारच्या टेबलावर ठेवला. त्याने तो वाचला.

"ताई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"काय?"

"माझ्या प्रोग्रॅमने लहान फोनवरची सत्तेचाळीस ऑक्टोबरातच पकडली होती. मी वाउटरला मेल केला. तो म्हणाला, मी बघतो. मला वाटलं, तुम्हाला कळवलं असेल."

"चार महिने आपण शेजारी बसतोय, मंदार."

"होय." मग तो हळू म्हणाला, "एकदा विचारणार होतो. पण तो म्हणाला होता की हा विषय बंद. माझं परमिट कंपनीच्या नावावर आहे, ताई. तुमचं नवऱ्याच्या नावावर आहे. तुम्ही भांडू शकता."

आजही मंदारवर राग नाही. ज्याच्यावर आहे त्याच्याकडे मी त्याच मिनिटाला गेले.

वाउटरने काही नाकारलं नाही. आम्ही इंग्रजीत बोललो. तो आवाज न चढवता बोलायचा. प्रत्येक मॉडेलसाठी दुरुस्ती पाठवायची म्हणजे मोबाइल कंपन्यांची मंजुरी नव्याने घ्यावी लागेल, तीही एकेका मॉडेलला. तोवर ते फोन जुने होतील. त्यापेक्षा पुढच्या खेळावर काम केलेलं बरं.

"मग निदान सांगा," मी म्हटलं. "वेबसाइटवर दोन ओळी टाका, अमुक फोनवर ही लेव्हल सुटत नाही म्हणून. प्राध्यापकासाठी एका दिवसात केलंत."

"ते वेगळं होतं. त्याने आपला खेळ जास्त चांगला करून दाखवला. यात आपला खेळ मोडका आहे असं आपणच सांगायचं?"

"मोडका आहेच."

"लोक तिथे अडकतात आणि पुन्हा पुन्हा येतात. अवघड म्हणून नाव झालंय त्या लेव्हलचं. तक्रार किती जण करतात?"

"तक्रार करणाऱ्याला आपण कळवतो की लेव्हल तपासलेली आहे, शांत राहा."

"ते पत्र तू लिहिलंस," वाउटर म्हणाला. मग त्याने खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "आणि हेही." खालच्या दोन ओळी काढाव्यात. तिथे खेळाला लागणारं काही नाही. खाली माझी सही.

त्याने तो कागद हाताशी काढून ठेवला होता, म्हणजे हा प्रसंग येणार हे त्याला ठाऊक होतं. चुकीची जबाबदारी कुणाची हा प्रश्नच नव्हता. ती माझी, पूर्ण माझी. पण चूक आणि खोटं यांत फरक आहे. ऑक्टोबरापर्यंत ती चूक होती. ऑक्टोबरानंतर गेलेलं प्रत्येक उत्तर खोटं होतं आणि ते माझ्या वाक्यांत जात होतं. मी खुलाशाचा मसुदा करून दिला. तो छापायला त्याने नकार दिला. बाहेर कुणालाही लेखी काही कळवू नकोस, असंही बजावलं. मी शनिवारी आइंडहोव्हनची गाडी पकडली.

पाकिटाच्या मागे पत्ता आणि फोन नंबर होता. दार मगदूमांच्या मुलाने उघडलं. निखिल, पस्तिशीचा, चिप तयार करणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मी फोन करून येण्याचं कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. आत खिडकीजवळ मगदूमकाका बसले होते. स्वेटर, डोक्याला मफलर, डावा हात मांडीवर जरा आखडलेला.

"बापट म्हणजे तुम्ही होय? हरलो की मी."

"कसं काय, काका?"

"माझी स्वतःशीच पैज होती. म्हटलं पुरुष असणार. एवढी कोंडी बाई करायची नाही."

"बाईनेच केली. काका, तुमची आकृती बरोबर आहे."

मी पुढे सांगितलं. त्यांच्या फोनवर खालच्या दोन ओळी नाहीत, त्या मीच कापायला सांगितल्या होत्या, ती लेव्हल त्यांच्या फोनवर कुणालाही सुटणार नाही. त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला.

"म्हणजे नकाशाचा खालचा भाग घडीत गेला."

"तसंच."

"आमच्या खात्यात आरेखकाला नोटीस निघाली असती."

"निघायला हवी होती."

"आणि ती दोन पत्रं? तपासलंय, शांतपणे करा, ती?"

"तीही माझीच. ती लिहिली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पण कंपनीला माहीत होतं."

काकांनी निखिलकडे पाहिलं. निखिल जमिनीकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की या घरात या लेव्हलला आणखी काहीतरी बांधलेलं आहे.

प्रकार असा होता. झटक्यानंतर हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, सांगितलं होतं की हाताला आणि डोक्याला रोज थोडं काम द्या. निखिलने आपला जुना फोन दिला, त्यात हा खेळ होता. व्हिसा वाढवून मिळाला होता तो मार्चपर्यंत. त्यानंतर काकांना परत जायचं होतंच; प्रश्न होता कुठे. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. सांगलीत विश्रामबागेला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि चौघांचा रोजचा ब्रिजचा डाव. निखिलने पुण्याजवळ ज्येष्ठांसाठीचं एक निवासी केंद्र पाहून ठेवलं होतं. एका रात्री जेवताना काकाच म्हणाले, "साठच्या साठ लेव्हल सोडवल्या तर सांगली. नाही जमलं तर तू म्हणशील तिथं." निखिल हो म्हणाला. तीन आठवड्यांत काकांच्या शेहेचाळीस झाल्या. मग सत्तेचाळीसवर दोन महिने.

"बाबा, ते आपण जेवताना गमतीत बोललो होतो," निखिल म्हणाला.

"तू गमतीत बोललास. मी रोज खेळत होतो."

"मॅडम, एका गेमवरून कुणी असं ठरवत नाही," निखिल मला म्हणाला. "डॉक्टरांशी बोललोय मी. उद्या सांगलीत पडले, तर तिथे कोण आहे?"

"डावातले तिघं आहेत की," काका म्हणाले. "त्यातल्या एकाला दिसत नाही, पण दोघं आहेत."

निखिलची बाजू चुकीची नव्हती. दूर राहणाऱ्या मुलाने जो विचार करावा तोच त्याने केला होता. पण मग तो हळू आवाजात म्हणाला, "मी जबरदस्ती नाही केली. जानेवारीच्या शेवटी बाबाच म्हणाले, माझ्याने आता होत नाही, तू म्हणतोस तसं कर. ते तसं म्हणाले नसते तर मी..." आणि थांबला. सांगलीचा फ्लॅट विकायचा व्यवहार झाला होता. किल्ली पुढच्या महिन्यात द्यायची होती. जानेवारीच्या शेवटी काकांचं पत्र लायडनला ट्रेमध्ये पडून होतं.

मी मोठ्या पडद्याचा फोन बरोबर नेला होता. सत्तेचाळिसावी लेव्हल उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी लगेच बटण दाबलं नाही. बोटाने ओळी मोजल्या. दहा. मग पडद्यापासून तोंड मागे घेऊन नुसते बघत राहिले.

"आधी लांब न्यायची," ते म्हणाले.

ती पहिली चाल होती. निखिलने आणलेला चहा निवायच्या आत लाल होडी दरवाजातून बाहेर गेली. काकांनी फोन मांडीवर ठेवला.

"म्हणजे डोकं ठीक होतं तर," ते म्हणाले. आनंदाने नाही, नोंद केल्यासारखं. मग म्हणाले, "चांगली आहे हो लेव्हल."

या कामात मिळालेली ही सर्वांत मोठी दाद. तिचा विचार मी शांतपणे करू शकत नाही.

निघताना त्यांनी चौकटीचा कागद पुढे केला. "मला लिहून द्या. कंपनी देत नाही तर तुम्ही द्या." मी खुलासा लिहिला. त्यांनी तो वाचला आणि एका शब्दसमूहाखाली पेन्सिलीने रेघ मारली. मी लिहिलं होतं, "काही तांत्रिक कारणामुळे."

"हे काढा. आमचं खातंही असंच लिहायचं. कालवा कुणी चुकवला ते सांगा की."

मी ते खोडून कारण लिहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली नाही. तसाच दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवला.

फोन मी त्यांच्याकडेच ठेवला. मार्चमध्ये विमानात बसण्याआधी त्यांनी कार्ड पाठवलं: "साठ झाल्या. बावन्नावी जरा लबाड आहे." ते पुण्याजवळच्या केंद्रात गेले. तिथे ब्रिजला चौथा मिळाला नाही, हे नंतरच्या पत्रात होतं. चार वर्षांनी ते गेले. निखिलने फोन केला. बोलता बोलता म्हणाला, "फाइलमध्ये तुमचा तो कागद सगळ्यांत वर होता. एमआरआयच्याही वर." मग म्हणाला, "मी तेव्हा किल्ली थांबवू शकलो असतो." मी त्यावर काही बोलले नाही. ते ओझं त्याला एकट्याला उचलायला लावणं बरोबर नव्हतं, आणि त्यात त्याचा वाटा नाही असं सांगणंही खरं नव्हतं.

कंपनीने खुलासा कधीच केला नाही. लहान फोनवरचा तो खेळ ते फोन बंद पडेपर्यंत तसाच विकला गेला. माझं ठरलेलं उत्तरही तसंच जात राहिलं. मी ते काढायला सांगितलं, काढलं गेलं नाही. मी राजीनामा दिला तो सात महिन्यांनी, दुसरं काम मिळाल्यावर. त्याच दिवशी द्यायला हवा होता. मंदार म्हणाला होता की मी भांडू शकते. मी एकदा भांडले आणि मग सात महिने त्याच टेबलावर लेव्हल्स रचल्या. त्या सगळ्या दहाव्या ओळीपर्यंत होड्यांनी भरलेल्या होत्या, खाली एकही रिकामी चौकट नव्हती. राग काढायची ही फार स्वस्त जागा होती.

त्या काळात किती लोक त्या पाण्यात अडकले, ते मला माहीत नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना आम्ही शांत राहायला सांगितलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांनी स्वतःला काय सांगितलं असेल, याचा अंदाज मला एका माणसावरून आहे.

संपादकांना एक विनंती. अंकात जागा कमी पडली तर हा लेख वरून कापावा. माझी नोकरी, खेळाचे नियम, निळी होडी, काहीही काढलं तरी चालेल. खालचा मजकूर ठेवावा.

खुलासा: साठ लेव्हल्सच्या त्या खेळातली सत्तेचाळिसावी लेव्हल लहान पडद्याच्या फोनवर सुटत नाही. ती सोडवण्यासाठी लागणाऱ्या दोन ओळी मी कापायला सांगितल्या होत्या. लेव्हल तपासलेली आहे असं आम्ही कळवलं, ते खोटं होतं. सांगलीचे यशवंत मगदूम यांची आकृती बरोबर होती.